चाळीस हजार बारा

उमेळ्याच्या वाडीची मोजणी झाली आणि चाळीस हजार बारा चौरस फूट भरली. मग काय, जयवंतीचे तिघे लेक मोबाईल घेऊन वाटणीला बसले. म्हातारीनं आळीपाळीनं तिघांकडे राहायचं आधीच ठरलेलं. पण तिनानं भागलं की एक फूट उरायचा, तेवढ्यावरून दुपारपासून जुंपलेली. "मोबाईलच बिघडलाय," परेश म्हणाला. उंबऱ्यावर टेकलेली जयवंती ऐकून ऐकून थकलेली. केळीच्या फण्या मोजण्यात जन्म गेलेला तिचा. "मोबाईल बिचारा काय करील? चार, एक, दोन, बेरीज सात. सात तिनानं कटत नाय, मंग सगला आकडा नाय कटनार. शेवटचं बारा चारानं कटतं, म्हंजे आख्खा आकडा कटतो." हरेशनं भागलं. बाकी शून्य. "पन आये, आमी तिघंच. चौथा कोन?" जयवंती गुडघ्यांवर हात देऊन उठली, खुर्ची ओढत आणली आणि तिघांच्या मधोमध बसली.