सोमवारचं तेल

कढईतलं तेल न्यायला आलेला टेम्पोवाला इर्शाद ते आपल्या निळ्या पिंपात ओतू लागला, तेव्हा अंबूबाई किटली घेऊन शेजारीच उभी होती. तिला वाटलं, तिच्यापुरतं राखून बाकीचं नेत असेल. पण कढई पार उपडी झाली, कडेला चिकटलेलंही त्याने उलथन्याने निपटून घेतलं आणि किटली रिकामीच राहिली.

"ताई, माजं?" तिने विचारलं.

मंगलताई गल्ल्यावरून उठून आल्या. लोणावळ्यात त्यांचं वडा-भज्यांचं हॉटेल. शनिवार-रविवार पर्यटकांची झुंबड उडायची आणि सोमवारी कढईत उरलेलं काळं तेल अंबूबाईच्या किटलीत जायचं. डोंगरावरच्या वाडीतून ती इथे भांडी घासायला यायची. तिची पोरं ह्याच तेलावर वाढली. फेकून देण्यापेक्षा गरिबाच्या चुलीला लागलेलं बरं, असं मंगलताईंना वाटे. त्यांचा हात सढळ होता, हे काही खोटं नाही.

"अंबूबाई, आता नाही देता यायचं," त्या म्हणाल्या. "सगळं तेल ह्यांनाच द्यायचं, असं ठरलंय."

"उद्या नातीचं बारसं हाय, ताई. माज्या करिष्माच्या सासरची माणसं येत्यात. मी पुऱ्या कशात तळू?"

मग इर्शादच बोलला. "मावशी, ह्याच्यापासून गाड्यांचं इंधन करतात. डिझेलमध्ये मिसळतात. माझ्या टेम्पोत तेच आहे. तेवढंच बाहेरच्या देशातून कमी आणावं लागतं." सकाळपासून तो हॉटेलाहॉटेलात हेच सांगत फिरत होता आणि त्याला आपल्या कामाचा अभिमान होता. असायलाही हवा.

"गाड्यांना लय मिळतंय की दुसरं. आमाला येक किटली न्हाई व्हय?"

"तसं नाही हो. हे खायचंच नसतं. पुन्हा पुन्हा तापवून विषासारखं होतं. पोटाला वाईट, काळजाला वाईट. माणसांच्या खाण्यात जाऊ नये म्हणून तर आम्ही गोळा करतो."

अंबूबाईने मंगलताईंकडे पाहिलं. मंगलताई कढईकडे पाहत होत्या. त्यांच्या स्वतःच्या घरी हे तेल कधीच गेलं नव्हतं. का नाही, ते त्यांनी आजवर स्वतःला विचारलं नव्हतं. आता विचारलं आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या आत गेल्या आणि ताज्या तेलाच्या दोन पिशव्या घेऊन आल्या. "ह्या घ्या बारशाला. अजून लागलं तर सांगा."

अंबूबाईने पिशव्या घेतल्या, पदराखाली धरल्या. पण ती निघाली नाही. इर्शाद पिंप टेम्पोत चढवत होता, तिथे जाऊन उभी राहिली.

"बाबा, येक इचारू? इख हाय म्हनतोस, मग गाडीला कसं चालतं?"

इर्शादला बरं वाटलं. एवढं कुणी विचारत नसे. "तसंच नाही घालत, मावशी. आधी गाळतात. जळका चुरा काढतात, पाणी काढतात. मग कारखान्यात त्याच्यावर प्रक्रिया करतात, तपासतात. एवढं सगळं करून डिझेलमध्ये थोडंसंच मिसळतात. असंच्या असं ओतलं, तर चांगलं इंजिनसुद्धा बसेल."

अंबूबाईने मान हलवली. तिला ते पटलं.

"आमी तसंच घालायचो," ती म्हणाली. "पोरांच्या कालवणात."