रजेचं उत्तर

अहवालाच्या पहिल्याच ओळीत वारलेल्या बाईंचं नाव दिसलं आणि सर्व्हर सांभाळणारीने ती ओळ पुन्हा वाचली.

संस्थेचे जुने मेल जपून ठेवायला तीन कंपन्यांची दरपत्रकं आली होती. सगळ्यात स्वस्त कंपनीचा प्रोग्रॅम ती आज चाचणीसाठी चालवून बघत होती. त्यात दर चालू खात्यामागे पैसे. म्हणून साहेबांनी आधीच बजावलं होतं, "सोडून गेलेल्यांचं जुनं काय ते साठवा आणि खाती बंद करा." आणि इथे प्रोग्रॅम सांगत होता, की आवक-जावक टेबलावरच्या बाईंच्या खात्यातून रोज सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी एक मेल बाहेर जातो. बाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती.

तिने भीत भीत एक उघडला. "मी दोन दिवस रजेवर आहे. परत आल्यावर उत्तर देईन." दुसरा उघडला. तेच. ऑपरेशनला जाताना बाईंनी लावून ठेवलेलं, आपोआप जाणारं उत्तर. ते काढायला त्या परत आल्याच नाहीत. सगळी उत्तरं एकाच माणसाला गेली होती, तळमजल्यावरच्या भांडारपालांना. म्हणजे बाईंच्या नवऱ्याला.

त्यांच्याकडे तिला जायचंच होतं. संस्थेत काहीही विकत घ्यायचं तर दरांच्या तक्त्यावर भांडारपालाची सही लागे, मग ती वस्तू कपाटात मावणारी असो की नसो.

ती खाली गेली तेव्हा भांडारपालकाका फायलींची खोकी रचत होते.

"काका, तुम्ही रोज बाईंना मेल पाठवता?"

त्यांनी हातातलं खोकं खाली ठेवलं. चोरी पकडली गेल्यासारखे हसले. "आल्या आल्या एक ओळ टाकतो. लगेच उत्तर येतं."

"पण तेच तेच येतं ना?"

"बावीस वर्षं घरी तरी काय वेगळं यायचं? काहीही विचारा, 'बघू नंतर'!"

तिलाही हसू आलं. स्वस्तातलं घेतलं तर काय होईल ते तिने सांगून टाकलं. आजवरची सगळी उत्तरं राहतील, कधीही काढून वाचता येतील.

"आणि नवीन?"

"नवीन यायची नाहीत."

काकांनी खाली ठेवलेलं खोकं पुन्हा उचललं. तिलाच राहवेना. "मी त्यांचं खातं चालू दाखवते. एका खात्याने काय होतंय? कोण बघायला बसलंय?"

"छे! ऑफिसातली एक टाचणी तिने कधी घरी आणली नाही. मी एकदा आणली, तर दुसऱ्या दिवशी परत करायला लावली." त्यांनी पेन मागितलं आणि सगळ्यात स्वस्त दरासमोर सही केली. सही वाकडीच आली.

शनिवारी तिने खातं बंद केलं. आता तिथे काही पाठवलं तर सर्व्हर उलट कळवणार होता : असा पत्ता अस्तित्वात नाही. काकांना सकाळी सकाळी हे वाचावं लागणं तिला बरं वाटेना. तिने तो पत्ता गुपचूप स्वतःच्या खात्याकडे वळवून ठेवला. निदान उलट उत्तर तरी जायला नको.

सोमवारी नऊ वाजून पाच मिनिटांनी मेल आला. दुसऱ्याची पत्रं वाचू नयेत हे तिला कळत होतं, तरी हात थांबला नाही. आत एकच शब्द होता : "पोचलो."

तिला उत्तर लिहावंसं वाटलं. काय लिहिणार? तिने उत्तराची खिडकी उघडून बंद केली. दहा मिनिटांनी दुसरा मेल आला.

"आज रजेचं उत्तर आलं नाही. म्हणजे कामावर आलीस. दुपारी खाली ये, तुझाही डबा आणलाय."