मागचा टायर
शहादेव दर वेळी मोटारसायकलचा पुढचा टायर नवा घ्यायचा आणि मागं वापरलेलाच बसवायचा. वस्तीच्या चढावर चाक घसरायचं, म्हणून बायको भिमाबाई पायथ्याला उतरून पिशवी डोक्यावर घेऊन चालत यायची. “एकदा तरी बसवून वर न्या की,” ती हसून म्हणायची. ती वारल्यावर वर्षानं त्यानं धारूरच्या दुकानात सगळ्यात खोल खाचांचा टायर निवडला. “एकट्याला कावून एवढा भारी, मामा?” दुकानदारानं विचारलं. “मागं बसव. आधीच लई उशीर झालाय.” परतताना धारूरच्या एसटी स्टँडवरून माहेरी आलेली लेक यशोधरा मागं बसली. चढ येताच आईसारखीच ती उतरायला लागली. “बसून ऱ्हा,” तो म्हणाला. टायरनं मुरूम धरला आणि गाडी एका दमात वर चढली. “आता उतर,” म्हणत त्यानं गाडी वळवली. “कुठं निघालात, बाबा?” “पुन्हा खाली. ही फेरी तुझ्या आईची हाय.”