पाणी घालू नये

"फेकून दे ना आई त्या काटक्या," सौरभ म्हणाला. "पान नाही, फूल नाही. कुंडीत खराटा खोचल्यासारखं दिसतंय."

"तुझ्या वाघोलीच्या घरात नाही ना ठेवलेलं? मग झालं तर," म्हणून शालनताईंनी मुलाला गप्प केलं.

पण बोलणं लागलं. ते ऑर्किड त्यांच्या नवऱ्याचं, संभाजीरावांचं. एका मार्चमध्ये त्या उघड्याबोडक्या काटक्यांवर गाठीगाठीला जांभळी फुलं फुटली होती, आणि संभाजीराव चहा गार होईपर्यंत समोर बसून राहिले होते. "दिवाळीनंतर पानं गळायला लागली की पाणी बंद. फुलं उमलेपर्यंत थेंबसुद्धा नाही," असं त्यांनी बजावून ठेवलं होतं. पुढच्याच पावसाळ्यात ते गेले. त्यानंतरचे तीन मार्च फुलांविना गेले. शालनताईंना ती फुलं एकदा, फक्त एकदा, आपल्या हातून आलेली बघायची होती.

नियम मोडायचा प्रश्नच नव्हता. बत्तीस वर्षं सरकारी कचेरीत काढलेली बाई ती! बिबवेवाडीतल्या त्या घरात माणसांपेक्षा चिठ्ठ्याच जास्त बोलायच्या. संभाजीराव गेल्यावर कामाला लावलेल्या सोजरबाई दहा वाजता आपल्याजवळच्या किल्लीनं दार उघडायच्या, तेव्हा शालनताई कचेरीत. शनिवार-रविवार सोजरबाईंना सुट्टी. त्यामुळे सगळा कारभार कागदावर. 'दूध झाकून ठेवावे.' 'कढई घासताना जोर लावावा. तुमचा.' आणि दर दिवाळीला गॅलरीतल्या ऑर्किडच्या कुंडीवर ठळक अक्षरात, प्लास्टिकमध्ये घातलेली पाटी: 'पाणी घालू नये. हुकमावरून.'

सोजरबाईंचं काम मात्र चोख. आल्या आल्या माठातलं शिळं पाणी काढून ताजं भरायचं. पाणी मोरीत ओतणं त्यांच्या जिवावर यायचं, म्हणून ते गॅलरीतल्या कढीपत्त्याला जायचं. कढीपत्ता असा तरारला होता की सगळा मजला फोडणीला पानं न्यायचा.

खोड एकच. चिठ्ठी म्हणून मनावर घ्यायची नाही. 'उद्या येऊ नये, मी गावाला आहे' असं लिहिलं, तरी बाई आपल्या हजर. 'डब्यातले लाडू घरी न्यावेत' लिहिलं, तर लाडू बुरशी येईपर्यंत तिथंच. आणि उत्तर म्हणून एक अक्षर कधी नाही.

"मानी आहे, दुसरं काय!" शालनताई म्हणायच्या.

गेल्या मार्चमध्ये वैतागून त्यांनी कुंडी उचलली आणि लोणी काळभोरला कोंडीरामच्या नर्सरीत नेली. त्याच्याकडूनच ती आणलेली.

कोंडीरामनं काटक्या निरखल्या. "ताई, फुलाच्या जागी पिल्लं फुटल्यात, बारकी रोपं. हिला थंडीत पानी मिळतंय."

"थेंब नाही घालत मी. रोज संध्याकाळी बोट घालून बघते. कुंडीतला कोळसा ठणठणीत कोरडा असतो."

"झाड काय खोटं बोलत न्हाई, ताई."

"म्हणजे मी बोलते? झाडांना बोलायला शिकवलंत, आता गिऱ्हाइकाशी कसं बोलावं तेही शिकून घ्या."

तणतणत त्या घरी आल्या. पण रात्री जेवण गेलं नाही. आपल्या हाताला गुणच नाही की काय, या विचारानं त्यांना रडू आलं. शेवटी त्यांनी ठरवलं, आता आणखी एकच साल. पुढच्या मार्चअखेरपर्यंत फुललं तर ठीक, नाहीतर कुंडी कोंडीरामला परत.

जूनमध्ये सोजरबाईंचा फोन आला. दुपारी दोनच्या आत सुटायला हवं होतं. आणखी एक घर धरलं असेल, असं समजून शालनताईंनी हो म्हटलं. श्रावणात पुन्हा फोन. "ताई, एखादी जुनी पेन्सिल असंल का? नातीला पायजे." शालनताईंनी कचेरीतली लाल-निळी पेन्सिल ओट्यावर ठेवली.

दिवाळी झाली. ऑर्किडची पानं पिवळी पडून गळली. कुंडीवर नवी पाटी लागली.

आणि काय आश्चर्य! यंदा चिठ्ठीतले लाडू गेले, डबा घासून पालथा घातलेला मिळाला. 'येऊ नये' म्हटल्या दिवशी बाई खरंच आल्या नाहीत. "तीन वर्षांनी का होईना, माझ्या चिठ्ठ्यांनी वळण लावलं बरं का," शालनताईंनी कचेरीत ऐकवलं.

फेब्रुवारीत गाठींवर हिरवे ठिपके दिसू लागले. कळ्या की पुन्हा पिल्लं? शालनताई रोज चष्मा पुसून बघायच्या आणि धास्तावून कचेरीला जायच्या.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी सकाळी त्यांनी गॅलरीचं दार उघडलं आणि किंचाळल्याच.

"आली! अहो, आली!"

खालपासून शेंड्यापर्यंत जांभळी फुलं. त्यांनी मोजायला घेतली, तीनदा चुकल्या आणि मोजायचं सोडून दिलं. संभाजीरावांचा फोटो भिंतीवरून काढून कुंडीसमोर खुर्चीत ठेवला. मग सौरभला फुलांचा फोटो पाठवला, खाली लिहिलं, 'खराटा बघ.' कोंडीरामला पाठवला, 'झाड काय म्हणतंय?'

"औंदा पानी बंद हुतं म्हनतंय," कोंडीरामचं उत्तर आलं.

"दरवर्षीच होतं!" शालनताई फोनकडे बघून म्हणाल्या, पण आज त्यांना राग येईना. मजल्यावरच्या चारही घरांना बोलावून त्यांनी चहा पाजला. "शिस्त लागते हो, शिस्त. आणि हाताला गुण," प्रत्येकाला त्यांनी सांगितलं.

झोपायच्या आधी पाटी काढून त्यांनी तिथं नवी चिठ्ठी लावली आणि कुंडीखाली एक ताटली सरकवली. 'फुले आली. उद्यापासून रोज अर्धा तांब्या पाणी घालावे.'

सोमवारी संध्याकाळी त्या चपला काढायच्या आधी गॅलरीत गेल्या. कुंडीखालची ताटली ओली होती. आणि चिठ्ठीच्या खाली, लाल-निळ्या पेन्सिलीनं, दाबून दाबून काढलेल्या मोठ्या अक्षरांत, तीन वर्षांतलं पहिलं उत्तर होतं:

'ताई घातलं. मागली तीन वरीस बी रोज घालत हुते. औंदा पाटी वाचता आली. सोजर.'