दोघांचं एकमत

"जाळं फाटलंय तुमचं," पीएचडीचे मार्गदर्शक शेळके सर फोनवर म्हणाले. "माझ्या माहितीतला एक चांगला पेपर तुमच्या निवडीत नाही. कुठं गळाला ते शोधा. सोमवारपर्यंत दुरुस्त झालं नाही तर पीएचडी संपली म्हणून समजा. आणखी मुदत मिळायची नाही."

सुरेखाने फोन ठेवला आणि डोळे चोळले. पंखा गरम हवाच फिरवत होता. बाहेरून उसाचा ट्रॅक्टर कर्णा लावून चालला होता. श्रीगोंद्यात फडापासून कारखान्यापर्यंत सगळ्यांनी एकच गाणं ऐकायचं असतं.

छोट्या टीममध्ये सॉफ्टवेअरची तपासणी का राहून जाते, हा तिचा विषय. त्यावर आजवर झालेलं सगळं संशोधन आधी गोळा करायचं. त्यासाठी इंटरनेटवर शब्दाला शब्द जोडून शोध बांधायचा, हेच ते जाळं. घट्ट बांधला तर हाती काही लागत नाही, सैल बांधला तर पेपरांचा डोंगर येतो. तिच्याकडे डोंगर आला होता. मग दोन माणसांनी वेगवेगळं बसून, एकमेकांना न विचारता, एकेक पेपर 'आत' की 'बाहेर' ते ठरवायचं. दुसरं माणूस आणायचं कुठून? नवरा होता. मच्छिंद्र तिच्याच कॉलेजात शिकवायचा, आणि घरात नाही म्हणायची त्याला सवय नव्हती.

दोघांचे निकाल इतके जुळले की स्टाफरूममध्ये कौतुक झालं. "मॅडम, संसार मुरलाय तुमचा!"

ती सरांनी नाव सांगितलेला पेपर शोधत बसली. सापडला. जाळ्यात तो नीट आला होता. पुढे दोघांनीही त्याला 'बाहेर' केलं होतं.

मच्छिंद्र पलंगावर बसून उत्तरपत्रिका तपासत होता. तिने लॅपटॉप त्याच्यापुढे धरला.

"अहो, हा का टाकलात?"

त्याने चष्मा सावरला. "हा? तालुक्याच्या गावात काम करणाऱ्या पोरांच्या मुलाखती... अगं, हा मला लई आवडला होता."

"मग?"

"तू टाकणार म्हणून टाकला. तुला आकडेवारीवाले लागतात. काम तुझं, उगीच खोडा कशाला?"

सुरेखा तिथंच स्टुलावर टेकली. तिलाही आवडला होता. मुलाखती म्हटलं की हे नाक मुरडणार, असं धरून तिने तो टाकला होता.

"तेवढा एक आत सरकव," तो हळूच म्हणाला. "सरांना काय कळतंय!"

"आणि असे बाकीचे किती टाकलेत?"

तो उत्तरपत्रिकांची टोकं जुळवत राहिला. म्हणजे पुष्कळ.

तिने दोघांचे निकाल पुसून टाकले. ते पुन्हा करायचे म्हणजे सोमवार हुकणार, हे तिला दिसत होतं.

"तुम्ही बाहेरच्या खोलीत बसा, मी इथं बसते," ती म्हणाली. "आणि या वेळी माझं मन वाचायचं नाही. पेपर वाचायचा."

तो निमूट उठला. खिडकीपाशी मात्र थबकला. पलीकडच्या प्लॉटवर त्यांच्या नव्या घराचं जोतं नुकतंच बांधून झालं होतं. कायमचं इथंच राहायचं, हेही दोघांनी एकमताने ठरवलं होतं. अर्ध्या मिनिटात.

"सुरेखा," तो वळून म्हणाला, "हे घर इथं... तुला पाहिजे होतं ना?"

तिनेही खिडकीतून त्या जोत्याकडे पाहिलं.

"आता बोलायचं नाही," ती म्हणाली. "आधी हे होऊ द्या. मग त्याचंही दोघं वेगवेगळं बसून लिहू."