संगणकानं गाळलेली हवा

साठवलेला कांदा का सडतो, यावर राजेश्वरीची पीएचडी अडली होती. कांदाचाळींबद्दलच्या चाळीसेक गोष्टी तिनं संगणकात ओतल्या आणि महत्त्वाच्या निवडायचं काम त्याच्यावरच सोपवलं. त्यानं खेळती हवा गाळली आणि दाराचा निळा रंग ठेवला. “निळ्या दारांच्या चाळींत कांदा कमी सडला, हा निव्वळ योगायोग आहे, सर. हे मी प्रबंधात नाही मांडणार,” राजेश्वरी म्हणाली. “यंत्रापेक्षा शहाणी झालीस? निवडीत ढवळाढवळ केलीस, तर माझी सही विसर,” मार्गदर्शक औटी सर गुरगुरले. “बरं. मग देवळालीच्या तुमच्या कांदाचाळीपासूनच सुरुवात करते. दार निळं रंगवते, ताडपत्री गुंडाळून हवा बंद करते.” तिनं खरोखरच स्कूटरची किल्ली उचलली. सर ताडकन उठून दारात आडवे आले. “खुळी का काय तू? तिथं खरा कांदा हाय!” “मग प्रबंधातलाही खराच धरा,” राजेश्वरी म्हणाली आणि तिनं संगणकात हवा परत घातली.