तीन हजार अंश

“खिसे दाखवा,” मुलगी म्हणाली.

शवदाहिनीवरच्या कामगाराने दोन्ही खिसे बाहेर ओढले. किल्ल्या, चुरगळलेला रुमाल, खोकल्याच्या गोळ्या. त्याने सगळं स्टीलच्या टेबलावर ठेवलं. शेजारच्या ट्रेमध्ये तिच्या वडिलांच्या अस्थी होत्या.

“चुंबक फिरवलं होतं मी. काही आलं नाही,” तो म्हणाला.

“येणारच नाही. टँटलम चुंबकाला चिकटत नाही. त्यांच्या कवटीत टँटलमची प्लेट होती, तळहाताएवढी. ती वितळायला तीन हजार अंश लागतात. तुमची भट्टी किती तापते?”

“नऊशे. फार तर हजार.”

“मग प्लेट गेली कुठे?”

त्याने कपाटातून एक डबा काढून तिच्यासमोर ठेवला. “उरलेला धातू यात जातो. बघा शोधून.”

डब्यात स्क्रू होते, सळ्या होत्या, खुब्याचा एक गुळगुळीत गोळा होता. प्लेट नव्हती.

आईने तेवढंच मागितलं होतं. वडिलांचा चष्मा, घड्याळ, स्वेटर मुलीने आईसमोर मांडून ठेवले होते. आईने कशालाच हात लावला नाही. “त्यांच्या डोक्यातली ती प्लेट तेवढी मला आणून दे,” ती म्हणाली. आणि मुलीने शब्द दिला होता. ती रसायनशास्त्र शिकवायची. सोनं विरघळवणाऱ्या अम्लराजालाही हा धातू दाद देत नाही, हे तिला पाठ होतं. वर्कशॉपमध्ये वरून कप्पी निखळून वडिलांच्या डोक्यावर पडली, तेव्हा ती परगावी कॉलेजात होती. डॉक्टरांनी तुटलेल्या हाडाच्या जागी प्लेट बसवली. शरीराने तिची तक्रार कधीच केली नाही. वडील पुन्हा जेवू लागले, फिरू लागले, कुंड्यांना पाणी घालू लागले. “बाकीचा मी गंजेन, डोकं नाही गंजायचं,” असं म्हणून हसायचे. जिवावरचं डोक्यावर निभावलं, असं सगळे म्हणाले.

ती पुन्हा ट्रेवर वाकली. कवटीच्या तुकड्यांमध्ये पांढरे पापुद्रे पडले होते. तिने एक उचलला. तो बोटांत चुरला. हाडच असेल, म्हणून तिने हातावर फुंकर मारली. राख उडाली. पांढरे कण जागचे हलले नाहीत. हाडाच्या मानाने ते फारच जड होते.

तिने डोळे मिटले.

वितळण्याचं तापमान तिच्या लक्षात राहिलं होतं. हवेचं मात्र ती विसरली होती. या धातूवर ऑक्साइडची एक अतिशय पातळ साय असते. शरीरात तीच त्याला राखते. पण हवेत धातू लाल होईपर्यंत तापला, की ऑक्सिजन आत शिरत जातो आणि धातूची भुकटी होते. म्हणून तर कारखान्यात टँटलम निर्वात भट्टीत तापवतात. दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला ती दरवर्षी हे शिकवायची.

“माफ करा. मी तुमच्यावर नाही तो आळ घेतला.”

“असू द्या, ताई.” तो खिसे आत ढकलत होता. “माणूस गेलं की कोणावर तरी चिडावंच लागतं. भट्टीवर चिडून काय करणार? ती आधीच तापलेली.”

तिने ते जड कण एकेक वेचून कागदाच्या पुडीत बांधले.

घरी आई खिडकीपाशी बसली होती. “आणलीस?”

मुलीने पुडी तिच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं. “चुकलं माझं, आई. ती जळणार नाही असं मीच म्हणाले होते. तुला जपून ठेवायला काहीच आणता आलं नाही.”

आईने पुडी उघडली, भुकटीकडे पाहिलं, पुन्हा घडी घातली.

“जपायला कोणाला हवी होती? मी ती फेकून देणार होते. माझ्या हाताने, लांब कुठेतरी.”

“प्लेटने त्यांना वाचवलं, आई.”

“वाचवलं ना. ती बसवून घरी आले तेव्हा दारात मला विचारलं, ‘बाई, माझी बायको कुठे गेली?’ मग रोज विचारायचे. तू सुट्टीला यायचीस तेव्हा मी आधीच सांगून ठेवायचे, पोरीसमोर विचारू नका म्हणून.” आईने पुडी मुलीच्या हातात परत दिली. “ऐकायचे. परक्या बाईशी वागावं तसे फार अदबीने वागायचे माझ्याशी.”